एकसष्टाचें कोडें

चाळीसगांवाजवळच्या पाटण येथील शिलालेखाचा आम्हां खानदेशी लोकांस मोठा अभिमान आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें पठण चालावें म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनीं तेथें मठ स्थापिला व शके ११२८ मध्यें निकुंभ राजांनीं त्यास देणगी दिली, असें त्यांत कोरलेलें आहे. आमच्या बोदवडांतही आचार्यांचें नांव निघालें कीं माना ताठ होतात. परंतु त्यांचें एखादें उदाहरण पाटीवर सोडवून पाहिलें आहे काय, असें विचारतांच त्याच माना खालीं जातात! मठ पठणासाठीं होता, जयघोषासाठीं नव्हे.

म्हणून शके १०७२ च्या सुमारास रचिलेल्या 'बीजगणिता'तील एकच उदाहरण आज वाचकांपुढें ठेवितों. ज्या संख्येचा वर्ग ६१ नें गुणून त्यांत १ मिळविला असतां पुन्हां पूर्ण वर्ग होतो, ती संख्या कोणती? प्रश्न दिसण्यांत अगदीं साधा. ६१ च्या जागीं ६० घ्या. ४ चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, एक मिळवून ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ घेतल्यास ८ नें काम भागतें, ६३ घेतल्यास केवळ १ नें. शेजारीपाजारी इतके सौम्य असतां एकसष्टाचें लहानांत लहान उत्तर मात्र २२,६१,५३,९८० आहे, आणि होणाऱ्या वर्गाचें मूळ १,७६,६३,१९,०४९! एकापासून आरंभ करून दर सेकंदास एक संख्या याप्रमाणें अहोरात्र तपासीत बसलें, तरी सात वर्षांनींही उत्तर हातीं येणार नाहीं. (उत्तरांत एकसष्ट लक्ष आले आहेत हा निव्वळ योगायोग, त्यावरून कोणीं चमत्कार काढूं नये.)

आचार्य तें पाटीभर गणितांत काढतात. प्रथम ८ चा वर्ग ६४, म्हणजे एकसष्टाहून ३ अधिक. येथून 'चक्रवाल' रीतीचें चाक एकदां फिरवितांच ३९ व ५ या संख्या मिळतात: ३९ चा वर्ग १५२१, आणि ५ च्या वर्गाची एकसष्टपट १५२५, अंतर ४. चाराचें अंतर दिसतांच ब्रह्मगुप्तांची शके ५५० मधील 'भावना', म्हणजे दोन उत्तरांच्या गुणाकारांतून तिसरें काढण्याची युक्ति, उपयोगीं पडते. तिनें ३,८०५ व २९,७१८ हें जोडपें मिळतें. ३,८०५ च्या वर्गाची एकसष्टपट ८८,३१,५९,५२५. तींतून १ वजा करा, २९,७१८ चा वर्ग उरतो. मिळवावयाचा एक येथें वजा झाला खरा. पण हेंच जोडपें पुन्हां स्वतःशीं भाविलें कीं उण्यास उण्यानें गुणून अधिक होतें. दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट हें पहिलें उत्तर. २९,७१८ च्या वर्गाच्या दुपटींत १ मिळविला कीं दुसरें. 'चक्रवाल' हें नांव आचार्य पूर्वसूरींचें म्हणून देतात, स्वतःचें म्हणत नाहींत. हा प्रामाणिकपणा आम्हांस उत्तराइतकाच मोलाचा वाटतो.

याच एकसष्टाचा प्रश्न फ्रान्समधील फर्मा यांनीं १६५७ सालीं, म्हणजे पांचशें वर्षांनीं, समकालीन गणितज्ञांस आव्हान म्हणून घातला. इंग्लंडांत ब्राउंकर यांनीं रीत शोधिली. प्रत्येक अवर्ग संख्येस असें उत्तर असतेंच, ही सिद्धता लाग्रांज यांनीं दिली ती आणखी शंभर वर्षांनीं.

ताळा पाहावयाचा तर नेहमींचें गणकयंत्र निरुपयोगी. दोन्ही बाजूंच्या संख्या एकोणीस अंकी. यंत्राच्या चौकटींत त्या मावत नाहींत, तेव्हां तें दोन्ही सारख्याच दाखवितें, आणि ज्या एकासाठीं हा सारा खटाटोप तोच गडप होतो. त्यापेक्षां रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलांस कागद द्यावा. सबंध गुणाकार न झेपल्यास शेवटच्या तीन अंकांचाच करावा: ०४९ चा वर्ग ४०१ वर संपतो, ९८० च्या वर्गाची एकसष्टपट ४०० वर.