तलाव कोणाचा ?



माघ सरून ऊन तापायला लागले की आपल्या केळझर-सेलूच्या बाजूला कोणीही सभासद भेटो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काहून जी, पाण्याची पाळी कवा सुटते ?" उसाची नोंद, तोडीची चिठ्ठी, मागचा हिशेब हे सगळे त्यानंतर. आणि ते बरोबरच आहे. खोडव्याला चैत्र-वैशाखात पाणी चुकले तर पुढे कितीही खत घाला, गेलेले वजन भरून निघत नाही. ज्याच्या वावरात बोरचा पाट येतो तो पाटाकडे बघतो. ज्याच्याकडे नुसती विहीर आहे, त्याच्या विहिरीलाही पुष्कळदा पाटाच्याच पाझराचा आधार असतो.

पण पाळी विचारणाऱ्यांपैकी धरणात गाळ किती साचला, वरच्या पाणलोटात काय चालले आहे, हे विचारणारा सभासद मला अजून भेटायचा आहे. "ते सरकारचं काम" असे म्हणून आपण मोकळे होतो. तलाव सरकारचा म्हणून गावाने सोडून दिला की त्याचे काय होते, आणि गावाने पुन्हा हात घातला की काय होते, याचे उदाहरण आपल्याच विदर्भात आहे. नागपूर-भंडारा करून साकोलीला उतरावे आणि तेथून दक्षिणेला नवेगावबांधच्या वाटेला लागावे. पूर्वी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ पासून तो गोंदिया जिल्ह्यात आहे.

नवेगावचा बांध म्हणजे साधा गावतलाव नव्हे. डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीच्या पाळीने बुजवून केलेला तो एक सागरच आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे परंपरा सांगते. भोवतालच्या सात डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात. दिवसा माणसांनी माती टाकायची आणि रात्री या सात बहिणींनी, अशी ही पाळ उभी राहिली, असे लोक सांगतात. कोलू पाटलांना पुढे लोकांनी देवच केले. कोलासूर या नावाने त्यांचे ठाणे तेथल्या डोंगरावर आहे. तलाव बांधणाऱ्याला देव मानणारा मुलूख आहे तो.

आपल्यासाठी यात आणखी एक गंमत आहे. इंग्रजी अमदानीतल्या जुन्या नोंदी पाहिल्या तर वैनगंगेच्या खोऱ्यातल्या कोहळी समाजाची ओळख दोन गोष्टींनी दिलेली सापडते : तलाव बांधण्यात हुशार आणि ऊस पिकवण्यात हुशार. विदर्भात ऊस कारखान्यांबरोबर आला अशी कोणाची समजूत असेल तर ती काढून टाकावी. कारखान्याचा भोंगा वाजण्याच्या पुष्कळ आधी या तलावांखाली ऊस उभा होता आणि त्याचा गूळ होत होता.

हे तलाव उभे राहिले त्यामागे एक करार होता. गोंड राजांच्या काळी चांद्याकडे जो कोणी तलाव बांधील त्याला त्याखाली भिजणारी जमीन सवलतीने मिळत असे. त्या देणगीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपुरात आजही तुकूम नावाची वस्ती आहे. पुढे मालगुजारी आली, तलाव मालगुजाराच्या नावावर चढले. पण पाणी, गवत, माती, मासळी यांवरचे गावकऱ्यांचे हक्क निस्तार म्हणून कागदोपत्री नोंदले गेले. हक्काबरोबर काम आलेच. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की गावाने गाळ उचलून आपापल्या बांध्यांत टाकायचा, पाळीला भेग दिसली तर माती घालायची, तुडूम (म्हणजे पायरी-पायरीने उघडायची पाणी सोडण्याची मोरी) साफ ठेवायचे. वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याच्याही खाली. एकाने हयगय केली तर खालच्या सगळ्यांचा घात. त्यामुळे एकमेकांवर नजरही असे.

ही व्यवस्था फार न्यायाची होती असे मी म्हणणार नाही. मालगुजाराची वेठ आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या माणसांनीही सोसलेली आहे. भूमिहीनाच्या वाट्याला पाण्यापेक्षा कामच जास्त. १९५१ साली मध्यप्रदेशच्या कायद्याने मालगुजारी गेली (तेव्हा आपण सगळे मध्यप्रदेशातच होतो) ती गेली हे उत्तमच झाले. पण तलावाचा मालक गेला, त्याच्याबरोबर राखणदारही गेला. सहा हजारांहून अधिक तलाव सरकारजमा झाले. लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. माजी मालगुजारी, त्याचे झाले मामा ! पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. गावाला वाटू लागले, आता आपला संबंध फक्त पाण्यापुरता. त्यातही तंटा : निस्ताराचा हक्क असताना पाणीपट्टी कशाची, असे शेतकरी म्हणत, आणि पट्टी नाही तर दुरुस्ती कशातून, असे खाते म्हणे.

मधल्या मध्ये गाळ भरत गेला. कडेच्या जमिनीवर अतिक्रमण झाले. वरचे झाड तुटले तशी माती खाली आली. धानाला मारलेली औषधे आणि खते वाहून पाण्यात उतरली. आणि काठाने बेशरम वाढली. बेशरम आपणा सर्वांना माहीत आहे. जनावर तोंड लावत नाही, तोडली तर दुप्पट फुटते, नाव अगदी शोभून दिसते. ती तलावात घुसली की काठची मूळची गवते, देवधान, कमळे हटतात. ती हटली की मरळीसारख्या गावठी मासळीला अंडी घालायला जागा राहात नाही, आणि पाणपक्षीही जातात.

याची झळ सर्वांत आधी कोणाला लागली ? शेतकऱ्याला नाही. त्याने बोअर मारली. झळ लागली ढिवर समाजाला, ज्याच्या हाती जाळ्याशिवाय दुसरे काही नाही. त्यांच्या मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात. आपल्यासारखीच सहकारी संस्था, तेच भागभांडवल, तीच वार्षिक सभा. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था, तिचे मनीष राजनकर आणि त्या भागातले ढिवर बंधू यांनी मिळून काम उभे केले, आणि या कामात जुन्याजाणत्या मच्छीमारांचे ज्ञान हीच मोठी शिदोरी होती. कोणते गवत कोणत्या खोलीत येते, कोणता मासा त्यात अंडी घालतो, हे पुस्तकात शोधावे लागले नाही.

कामाची रीत आपल्याला पटेल अशीच आहे. उन्हाळ्यात तलाव आटला की आधी बेशरम मुळासकट उपटायची. मग उघड्या पडलेल्या तळाचा काही भाग वावरासारखा नांगरायचा. दुसऱ्या तलावांतून आणलेली पाण्यातली गावठी वनस्पती तेथे लावायची आणि मुळे धरेपर्यंत ती जागा राखायची. एक-दोन पावसाळ्यांत गवते पसरतात, गावठी मासळी परत येते. पुढे स्त्रियांचे गटही या कामात उतरले. तलाव म्हणजे पाण्याची टाकी नाही, तेही एक वावरच आहे, त्याचीही मशागत लागते, हे त्या लोकांनी ओळखले.

येथवर सांगितले की आपला एखादा सभासद म्हणेल, "मंग आपन का मासोया धरा लागाव का भाऊ ?" धरू नका. पण बोरच्या तलावाला किती जण टेकलेले आहेत ते मोजून पाहा. वर जंगल : १९७० चे बोर अभयारण्य, २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. जंगलाच्या कडेची गावे, त्यांची गुरे. तलावात मासेमारी करणारे. खाली पाटावरचा शेतकरी, आणि त्याच्या उसावर चालणारा कारखाना. यातला प्रत्येक जण दुसऱ्यावर बोट दाखवतो. शेतकरी म्हणतो जंगलातली डुकरे ऊस फस्त करतात, आणि ते खोटे नाही. रात्रभर जागलीला बसणाऱ्याला वाघाचे कौतुक सांगून काय उपयोग? पण त्याच जंगलामुळे वरची माती जागेवर राहते आणि आपल्या तलावात कमी उतरते, हेही तितकेच खरे. तेव्हा जागलीची, कुंपणाची, नुकसानभरपाईची बोलणी आणि पाण्याची बोलणी एकाच बैठकीत व्हायला हवीत. आज ती वेगवेगळ्या कचेऱ्यांत होतात.

एकत्र बसल्याने काय साधते ते नाशिक जिल्ह्यात दिसले. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटाला ओझर गाव. शेवटाला म्हणजे पाणी कागदावर. १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तेथे शेतकऱ्यांच्या तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी खात्याकडून मोजून घ्यायचे, आपसांत वाटायचे, पट्टी आपणच गोळा करायची. त्यांनी एक शहाणपणा केला : काही पाणी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी जिरवल्या आणि विहीरवाल्यालाही हिशेबात धरले. हळूहळू धरणाखालचे सगळे क्षेत्र अशा संस्थांकडे आले. २००५ साली राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, त्यात अशा संस्थांना कायद्याचे बळ मिळाले. कायदा झाला म्हणून संस्था चालते असे मात्र नाही. पुष्कळ ठिकाणी ती शिक्क्यापुरती आहे.

आता एक कडू गोष्ट. ती कारखान्याच्या अंकात छापावी की नाही असा विचार मनात आला होता, पण सभासदांपासून झाकून काय मिळणार ? १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. नियम असे : पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर मोजायचे, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा. आणि उसाला पाणी नाही ! त्यांना उसाचे वैर नव्हते. थोडक्या पाण्यात एकाचा ऊस पिकला की दहा जणांची ज्वारी वाळते, हे त्यांनी पाहिले होते. पाटाने भरून पाणी दिले तर हेक्टरभर उसाला साधारण वीस-पंचवीस हजार घनमीटर पाणी जाते. उद्या बोरच्या काठी सगळे एकत्र बसले तर हाच आकडा आपल्यापुढे ठेवला जाईल. त्या बैठकीला जाताना आपल्या हातात काहीतरी हवे : ठिबक, एक सरी आड पाणी, आणि पाचट. पाचट पेटवण्यात एक काडी लागते. पण तेच सरीत पसरून, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू टाकले तर ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या लांबवता येतात. खोडव्यात तर हे प्रत्येकाने करावेच.

कारखान्याची बाजूही स्वच्छ हवी. साखर कारखान्याचे सांडपाणी प्रक्रिया न होता नाल्यात उतरले तर खालच्या माणसाला पाणी वाचवा असे सांगण्याचे तोंड आपल्याला उरणार नाही. जपानात बिवा नावाचे त्या देशातले सर्वांत मोठे सरोवर आहे. १९७७ साली त्याच्या पाण्यावर लाल तवंग आला. कारण निघाले घराघरांतल्या धुण्याच्या पावडरीतले फॉस्फरस. तेव्हा काठच्या गावच्या बायकांनी पावडर सोडून साधा साबण धरला, शेवटी १९७९ साली तेथल्या प्रांताने अशा पावडरीवर बंदीचा नियम केला. सुरुवात घरच्या मोरीपासून झाली होती.

राहता राहिला गाळ. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून आली आणि गाळासाठी ट्रॉल्या धावू लागल्या. गाळ सोने आहे असे जो तो सांगतो, पण सरसकट टाकू नका. मुरमाड, हलक्या वावरात तो ओल धरतो, जमीन सुधारते. आधीच भारी काळी, पाणी धरून बसणारी जमीन असेल तर गाळाने ती आणखी चिबडते आणि उसाची मुळे गुदमरतात. माती तपासून घ्या, मग ट्रॉली जुंपा. आणि गाळ काढताना काठची गवताची पट्टी खरवडू नका. वरून येणारी माती तीच अडवते, आणि मासोळीचे घरही तेच.