ट्रकच्या केबिनमध्ये लाइट-पंखा-फ्रिज: इन्व्हर्टर शेवटी, हिशोब आधी



रात्री तारापूर एमआयडीसीत किंवा चिल्हार फाट्याकडे चक्कर मारा. कंपनीचं गेट सकाळी उघडणार म्हणून गाड्या ओळीने उभ्या आणि ड्रायव्हर केबिनमध्येच झोपलेले. पंखा हवा, मोबाईल चार्ज व्हायला हवा, कुणाला छोटा फ्रिज हवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, पण तो इंजिनवर चालतो. इंजिन बंद, एसी बंद.

मग गाडीमालक दुकानात येतात आणि थेट म्हणतात, "हजार वॅटचा इन्व्हर्टर द्या." माझं उत्तर ठरलेलं: इन्व्हर्टर शेवटी. आधी वॅटची बेरीज, मग बॅटरी, मग वायर आणि फ्यूज. व्हिडिओत दाखवलेला हिशोब इथे सविस्तर देतोय.

१. आधी बेरीज करा

वॅट गुणिले तास. एका रात्रीचा हिशोब असा:

- छोटा पंखा: २० वॅट × ८ तास = १६०
- दोन मोबाईल: ८०
- एलईडी लाइट: ५ वॅट × ४ तास = २०
- ५० वॅटचा गाडीतला फ्रिज, निम्मा वेळ चालू: २००

एकूण ४६० वॅट-तास. मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. म्हणजे ४६० भागिले २४, साधारण १९ अँपिअर-तास. बॅटरी १२० अँपिअर-तासांची आणि तब्येतीने चांगली असेल, तर काळजी नाही.

आता १५०० वॅटची इंडक्शन शेगडी घ्या. इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते ती धरली, तर बॅटरीतून ७० अँपिअरच्या वर करंट ओढला जातो. अर्ध्या तासाच्या भातासाठी रात्रभराच्या जवळपास दुप्पट वीज संपते. किटली, शेगडी, हीटर म्हणजे गरम करणारी कुठलीही वस्तू केबिनसाठी नाही.

२. बॅटरीचं पहिलं काम सेल्फ मारणं

ट्रकची बॅटरी घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी नसते. ती थोड्या वेळात जोरात करंट द्यायला बनवलेली असते. रोज खोलवर रिकामी केली की लवकर जाते. साधा व्होल्ट-मीटर लावा. आकडा २४.४ च्या आसपास आला की बॅटरी निम्मी झाली असं समजा आणि सगळं बंद करा. "इन्व्हर्टर आपोआप कट होतो ना?" होतो, पण बरेच इन्व्हर्टर २१ व्होल्टच्या आसपास कट होतात. तोपर्यंत सेल्फला काही उरत नाही. सकाळी गेट उघडतं, नंबर लागतो आणि आपली गाडी फक्त टक-टक आवाज करते. भरलेल्या ट्रकला धक्का कोण मारणार?

३. एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका

टेप किंवा १२ व्होल्टचा चार्जर चालवायला दोनपैकी एका बॅटरीवरून वायर काढतात. ती बॅटरी रोज कमी भरते, दुसरी जास्त भरली जाते आणि दोन्ही खराब होतात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा. पंखा, लाइट, फ्रिज थेट २४ व्होल्टचे मिळत असतील तर तेच घ्या, मग बऱ्याच जणांना इन्व्हर्टर लागतच नाही.

४. आग वायरला लागते

लाइटरच्या सॉकेटचा फ्यूज मोबाईल चार्जरसारख्या छोट्या लोडसाठी असतो. तिथे मोठा इन्व्हर्टर लावला की फ्यूज उडतो आणि मग कुणीतरी फ्यूजच्या जागी तार गुंडाळतं. धोका इथून सुरू होतो. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. तो काढला की वायरच फ्यूज बनते, तीसुद्धा झोपलेल्या माणसाच्या गादीखाली.

५०० वॅटच्या इन्व्हर्टरला २४ व्होल्टवर साधारण २५ अँपिअर लागतात. त्यासाठी थेट बॅटरीपासून ६ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, लांबी दोन-तीन मीटरच्या आत, आणि ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. टोकांना थिंबल दाबून घ्या, नुसती वायर पिळून नको. पत्र्यातून वायर जाते तिथे रबराचं बूच घाला. आपल्याकडच्या पावसाळी, खाऱ्या हवेत टर्मिनल लवकर गंजतं, म्हणून व्हॅसलीन लावा आणि महिन्यातून एकदा आवळा. इन्व्हर्टर गादीखाली किंवा कपड्यांत कोंबू नका, त्याला हवा लागते.

५. टँकरवाल्यांसाठी

एमआयडीसीत ज्वलनशील केमिकलचे टँकर येतात. तिथे जादा वायरिंगचा विषयच नको, एक ठिणगी पुरते. पेट्रोल-डिझेलच्या टँकरला पेसोची मंजुरी लागते, त्यामुळे वायरिंगला आपल्या मनाने हात लावायचा नाही. चार्जिंगसाठी पॉवर बँक वापरा, तीही लोडिंगच्या जागेपासून लांब.

आणि कुठलीही गाडी असो, गारव्यासाठी इंजिन चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपू नका. धूर आत आला तर त्यातल्या विषारी वायूला वास नसतो.

गाडीमालकांनो, खर्च वाचवायचा तर इन्व्हर्टर लहान घ्या, वायर आणि फ्यूज चांगलेच घ्या. काम झाल्यावर ड्रायव्हरला फ्यूज कुठे आहे ते दाखवा, दोन जादा फ्यूज त्याच्याकडे द्या आणि "२४.४ ला बंद" असं मीटरशेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मराठी-हिंदी दोन्हीत.