चढ दमवतो, उतार फसवतो!

बालमित्रांनो, एक कोडं घालू? टेकडीवर सायकल चढवणं कठीण की उतरवणं? आमच्या वर्गात हा प्रश्न विचारला की सगळी मुलं एका सुरात ओरडतात, "चढवणं! उतरताना तर पायडलसुद्धा मारावं लागत नाही!" उत्तर निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं आपण टेकडीलाच विचारू या.

नागपूर हे तसं सपाट शहर. पण पश्चिमेला फुटाळा तलावाजवळ एक छान टेकडी आहे, सेमिनरी हिल्स. तिथे सेंट चार्ल्स सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मगुरूंना शिक्षण देणारी संस्था आहे, म्हणून हे नाव. तलावापासून निघायचं, तेलंगखेडीच्या बाजूने टेकडी चढायची आणि फेरा मारून पुन्हा तलावापाशी उतरायचं. सायकलसाठी ही झकास सहल! मात्र सोबत मोठं माणूस हवं आणि वेळ हवी भल्या पहाटेची. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, हे सांगायला नकोच.

आधी चढ पाहू. डोंगरी सायकलीला, म्हणजे माउंटन बाइकला, पुष्कळ गियर असतात. पण गियर म्हणजे काही जादू नव्हे, बरं का! समजा, साध्या सायकलीच्या पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्याला १८. पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. २६ इंची चाक असेल तर सायकल सुमारे ५ मीटर पुढे जाते. डोंगरी सायकलीच्या हलक्या गियरमध्ये पुढे २४ आणि मागे ३२ दाते असले, तर एका फेऱ्यात सायकल जेमतेम दीड मीटर सरकते. पायाला जोर साधारण एक तृतीयांश लागतो, पण पाय तिपटीहून जास्त वेळा फिरवावे लागतात. म्हणजे काम तेवढंच, फक्त छोटे छोटे घास करून खायचं! साध्या सायकलीवर दम लागला तर खाली उतरा आणि सायकल हातात धरून चाला. यात कमीपणा मुळीच नाही.

माथ्यावर पोचलात? आता खरी परीक्षा. चढताना तुम्ही जी मेहनत केली, तिचा मोठा भाग उंचीच्या रूपाने तुमच्याजवळ साठलेला असतो. उतारावर तोच वेग बनून बाहेर येतो. थांबायचं असेल तर त्या वेगाची उष्णता करावी लागते, आणि हे काम ब्रेकचं! सायकल भरभर उतरवून झाल्यावर चाकाची रिंग कोमट लागते, ती त्यामुळेच. गंमत अशी की वेग दुप्पट झाला तर थांबायला अंतर चौपट लागतं. ताशी १० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सपाट रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर १ मीटरमध्ये थांबत असेल, तर २० च्या वेगाला ४ मीटर लागतील आणि ३० च्या वेगाला ९ मीटर! उतारावर त्याहूनही जास्त.

ही गोष्ट डोंगरी सायकल घडवणाऱ्यांनाही चांगलीच जाणवली होती. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या मरीन भागात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरत. १९७६ साली त्यांनी शर्यती सुरू केल्या. साधारण ३ किलोमीटरमध्ये सुमारे ४०० मीटर उतरायचं! त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे आणि पायडल उलटं दाबलं की लागे. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघे. मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे. म्हणून त्या उताराचं नावच पडलं 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरणं. पुढे १९७७ मध्ये त्यांच्यातल्या जो ब्रीझ यांनी डोंगरासाठी खास सांगाडा बनवला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तर हा खेळ थेट दाखल झाला. पण मुळात त्या तरुणांना छळलं होतं ते उतारानेच!

आपल्या टेकडीला आणखी एक खोड आहे. नागपूरच्या पश्चिमेकडचा काळा खडक म्हणजे बसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो झिजून मुरूम होतो. कच्च्या वाटेवरचे मुरमाचे सुटे खडे चाकाखाली छर्‍यांसारखे घरंगळतात. डोंगरी सायकलीचे रुंद, खाचांचे टायर जमीन बऱ्यापैकी धरतात, तरी कचकन ब्रेक दाबला की तीही घसरते. म्हणून हे लक्षात ठेवा :

● वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही.
● दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. पुढचा एकदम दाबला तर तोंडावर आपटाल, मागचा एकदम दाबला तर चाक घसरेल.
● उतारावर अंग थोडं मागे घ्या, दोन्ही पायडल एका पातळीत ठेवा.
● नजर खड्ड्यावर नको, जिथून जायचं त्या वाटेवर ठेवा.
● हेल्मेट घातल्याशिवाय निघायचं नाही.

आणि आईबाबांनो, मुलं गियरच्या सायकलीसाठी हट्ट धरतात, हे आम्हा शिक्षकांनाही ठाऊक आहे! ती जमेल तेव्हा घ्या. पण घरात आज जी सायकल उभी आहे, तिच्या ब्रेकचे रबर झिजलेत का, तार सैल झाली आहे का, एवढं आजच बघा. गियर नसला तर मूल फार तर चालत टेकडी चढेल. ब्रेक नसला तर मात्र उतारावर त्याला कोणी थांबवू शकणार नाही.

तर मित्रांनो, या रविवारी आपापल्या सायकलीच्या पुढच्या-मागच्या चक्राचे दाते मोजा. पुढच्या संख्येला मागच्या संख्येने भागा. पायडलच्या एका फेऱ्यात तुमचं चाक किती वेळा फिरतं, ते कळेल. आणि हो, मोजण्याआधी ब्रेक तपासायला विसरू नका!