खाला, पैसा सध्या रस्त्यात आहे

गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट. इशाची नमाज होऊन बराच वेळ झाला होता. शेजारच्या खालांची धाकटी मुलगी धापा टाकत आली, "सर, अम्मीने बोलावलंय, लवकर चला." थोरलीच्या नर्सिंग प्रवेशाची फी भरायची ती शेवटची रात्र. 8,200 रुपये. मुलीने मोबाइलवरून पैसे भरले, पडद्यावर चक्र फिरत राहिलं, बँकेचा पैसे कापल्याचा मेसेज आला, पण कॉलेजच्या पानावर मात्र ‘फी जमा झालेली नाही’. बारा वाजता पान बंद होणार होतं. घाबरून तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा 8,200 कापले गेले. पान होतं तसंच.

खाला बुरखे शिवतात. पहिले 8,200 त्यांच्या शिलाईचे होते. दुसरे त्यांचे नव्हतेच. गल्लीतल्या बायकांची भिशी त्यांच्याकडे जमते आणि त्या महिन्याची रक्कम शुक्रवारी एका बाईला द्यायची होती. म्हणजे अमानतीला हात लागला होता. मी मास्तरी थाटात म्हणालो, "काळजी करू नका, सर्व्हर डाऊन असेल." खालांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, पैसे मेरे पास नइं, कालेज के पास नइं, तो फिर हैं कां?"

मला उत्तर देता आलं नाही. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्याला तेवढ्या रात्री फोन लावला. तो म्हणाला, "सर, पैसा रस्त्यात आहे. आणि तो पोहोचला की नाही, हे या घडीला कुणालाच खात्रीने माहीत नाही." मला वाटलं, पोरगा टाळतोय. पण नंतर त्याने पाठवलेले शोधनिबंध मी रविवारी रविवारी, शब्दकोश शेजारी घेऊन वाचले, तेव्हा कळलं की त्याने अगदी अचूक उत्तर दिलं होतं. संगणकशास्त्राची एक मोठी शाखा याच एका प्रश्नावर पन्नास वर्षं काम करते आहे.

आपण बटण दाबतो तेव्हा एक यंत्र काम करत नाही. आपलं अॅप, आपली बँक, मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, समोरची बँक, आणि कॉलेजसारख्या ठिकाणी फी गोळा करणारी आणखी एक मध्यस्थ कंपनी, इतक्या जणांचे संगणक एकमेकांना निरोप देतात. कुणाचीही वही एकच नाही. अशा विखुरलेल्या यंत्रणेत निरोप हरवतो, उशिरा येतो किंवा दोनदा येतो. आणि उत्तर आलं नाही, तर समोरचा बंद पडला आहे, की काम झालंय पण उत्तर वाटेत अडकलंय, हे बाहेरून ओळखता येत नाही. खालांच्या मोबाइलवरचं ते चक्र म्हणजे हेच न ओळखता येणं.

जिम ग्रे नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1978 मध्ये हे दोन सेनापतींच्या कोड्यातून मांडलं. दोन टेकड्यांवर एकाच बाजूच्या दोन फौजा, मधल्या खोऱ्यात शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जीत. पहिला सेनापती जासूद पाठवतो, "पहाटे हल्ला." जासूद पकडला गेला असेल तर? म्हणून पोच हवी. दुसरा पोच पाठवतो. पण ती पोच पोहोचली का, हे आता दुसऱ्याला कळायला हवं. म्हणजे पोचेची पोच, मग तिचीही पोच. कितीही जासूद दौडवले तरी शेवटच्या निरोपाबद्दल शंका राहतेच. हुशारी कमी पडते म्हणून नव्हे. हे कोडं सुटू शकत नाही, हे गणिताने सिद्ध झालं आहे. हा जिम ग्रे 2007 च्या जानेवारीत आईच्या अस्थी विसर्जित करायला सॅन फ्रान्सिस्कोहून एकटाच होडी घेऊन समुद्रात गेला आणि परतला नाही. पुष्कळ शोध झाला, पण ना तो सापडला ना होडी.

1985 मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी आणखी कठोर गोष्ट सिद्ध केली. निरोपाला किती वेळ लागेल याची हमी नसेल आणि एखादंच यंत्र बंद पडण्याची शक्यता असेल, तरीही सगळी यंत्रं ठरल्या पद्धतीने हमखास एकमतावर येतील अशी कोणतीच रीत असू शकत नाही. यातल्या लिंच म्हणजे नॅन्सी लिंच, एमआयटीतल्या प्राध्यापिका. आमच्या नववीतल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगितलं.

मग जग चालतं कसं? हमखासचा हट्ट सोडून. त्याची एक सुंदर युक्ती आपल्या मस्जिद कमिटीवरून समजते. समजा पाच विश्वस्त आहेत आणि कोणताही ठराव तिघांच्या सहीने पक्का होतो. दोघे गावाला गेले तरी काम अडत नाही. आणि पाचांतून तिघांचे कोणतेही दोन गट करा, निदान एक माणूस दोन्हीकडे असतोच. म्हणून आधी काय ठरलं हे सांगणारा एकजण नेहमी हजर असतो. महत्त्वाच्या नोंदी अशाच तीन किंवा पाच यंत्रांवर ठेवतात आणि बहुमताने होकार आला की नोंद पक्की धरतात. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी हा विचार ग्रीसमधल्या एका बेटावरच्या काल्पनिक पार्लमेंटची कथा रचून मांडला. 1990 मध्ये पाठवलेला तो निबंध छापून आला 1998 मध्ये. गंमत लोकांच्या डोक्यावरून गेली.

शिक्षक म्हणून मला पुढचा टप्पा जास्त भावला. 2014 मध्ये स्टॅनफर्डच्या डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी ‘राफ्ट’ नावाची रीत काढली, आणि ती समजायला सोपी असावी हेच ध्येय ठेवलं. त्यांनी विद्यार्थ्यांना लॅम्पोर्टची रीत आणि राफ्ट दोन्ही शिकवून चाचणी घेतली. 43 पैकी 33 जणांना राफ्टची उत्तरं जास्त चांगली आली. यंत्रणा बिघडते तेव्हा रात्री दोन वाजता ती दुरुस्त करायला माणूसच बसतो, त्याला ती समजली पाहिजे. आमच्या शिक्षणखात्याच्या पोर्टलवाल्यांनीही हे मनावर घ्यावं.

खालांच्या प्रश्नाचं खरं मूळ मात्र मला टोरंटोच्या संशोधकांच्या 2014 च्या अभ्यासात सापडलं. त्यांनी पाच नामांकित विखुरलेल्या यंत्रणांतले 198 बिघाड तपासले. सगळीच यंत्रणा कोसळली असे जे भीषण प्रसंग होते, त्यांतल्या 92 टक्क्यांत मूळ चूक किरकोळ होती आणि यंत्रणेने ती स्वतःहून कळवलीही होती. ती कळल्यावर काय करायचं, तो भाग धड लिहिलेला नव्हता. काही ठिकाणी चूक पकडून नुसती नोंद केलेली, काही ठिकाणी ‘हे नंतर करू’ अशी टीप ठेवून जागा रिकामी. जवळजवळ सगळे बिघाड, 98 टक्के, तीन किंवा त्याहून कमी यंत्रांवर पुन्हा घडवून पाहता येत होते. म्हणजे महागडी प्रयोगशाळा नको होती, सवड काढून तपासायला हवं होतं.

अर्थात सगळं निष्काळजीपणावर ढकलता येत नाही. अमेझॉनच्या इंजिनिअरांनी लॅम्पोर्ट यांच्याच गणिती भाषेत आपल्या डायनॅमोडीबी यंत्रणेचा आराखडा तपासला, तेव्हा 35 पायऱ्या एका विशिष्ट क्रमाने घडल्या तरच दिसणारा दोष सापडला. माणसाच्या नजरेला तो दिसलाच नसता. आणि इतकं करूनही 20 ऑक्टोबर 2025 रोजी त्याच डायनॅमोडीबीचा पत्ता सांगणारी व्यवस्था गडबडली. एकाच कामावर नेमलेल्या दोन प्रोग्रॅमपैकी रेंगाळलेल्याने जुनी नोंद नवीवर चढवली, दुसऱ्याने जुनी म्हणून तीच पुसली, आणि पत्त्याची जागा कोरी राहिली. जगभरातली कित्येक अॅप्स काही तास ठप्प झाली.

कॉलेजच्या पानावर मात्र इतकं गहन काही नव्हतं. अशा ठिकाणी एका फीला एकच क्रमांक द्यायचा असतो. बटण एकदा दाबा की दहादा, क्रमांक तोच, म्हणून पैसे एकदाच कापायचे. ही जुनी, साधी रीत आहे. त्या पानाने प्रत्येक दाबण्याला नवा क्रमांक दिला. सकाळी पाहिलं तर दोन्ही रकमा कॉलेजकडे पोहोचलेल्या. जागा पक्की झाली, पण दुसरे 8,200 अडकले. अर्ज, बँकेचा उतारा, तीन खेपा. परत मिळायला दीड महिना गेला. शुक्रवारची भिशी चुकली नाही, कारण गल्लीतल्या एका दुकानदाराने कर्ज-ए-हसना म्हणून रक्कम दिली. खाला त्या दीड महिन्यात भिशीच्या बायकांसमोर मान वर करून बोलल्या नाहीत, खरं तर कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

हे वाचणाऱ्या घरांत असा प्रसंग येणारच, म्हणून सांगतो. पैसे कापले गेले आणि समोर पोहोचले नाहीत, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. अॅपमध्ये जाऊन त्या व्यवहाराची स्थिती पाहा आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार यूपीआयवरून माणसाला पाठवलेले, पण त्याच्या खात्यात न पडलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकान किंवा संस्थेच्या बाबतीत पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. तक्रार अॅपमधूनच करता येते. एकाच कामाचे दोनदा पैसे खरोखर पोहोचले असतील, तर मात्र मागे लागावं लागतं.

कुरआनात संगणकशास्त्र शोधायची मला सवय नाही, आणि जे शोधतात त्यांच्याशी माझं पटतही नाही. पण सूरह बकराची 282 वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब आयत, उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे: लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, एकीला विसर पडला तर दुसरी आठवण देईल. वरच्या यंत्रणाही आधी नोंद लिहितात आणि मगच काम करतात, म्हणजे मध्येच वीज गेली तरी उठल्यावर वही पाहून पुढचं ठरवता येतं. खालांकडे भिशीची वही होतीच. आता तिच्यात मागच्या पानांवर ते बारा आकडी क्रमांक उतरवलेले असतात, मुलीच्या अक्षरात.

यंदा जूनमध्ये दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती. मी तिथेच होतो. मुदतीला चार दिवस बाकी होते. मुलीने एकदा बटण दाबलं, चक्र फिरायला लागलं, आणि खालांनी मोबाइल तिच्या हातातून घेऊन शिलाई मशीनवर पालथा ठेवला. "अब चाय पियो," म्हणाल्या. मेसेज आला तेव्हा माझा दुसरा कप चालू होता.