पोटातली गाठ आणि रक्तातला निरोप

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या घरात तीन वर्षांचे मूल खेळेनासे झाले, पाय दुखतात म्हणून रात्री रडू लागले, त्याचे पोट फुगले, की आधी जंतांचे औषध दिले जाते, दृष्ट काढली जाते. बहुतेक वेळा दुखणे साधेच असते. क्वचित मात्र त्यामागे न्यूरोब्लास्टोमा दडलेला असतो. अपक्व चेतापेशींपासून होणारा आणि बहुधा मूत्रपिंडावरील ग्रंथीत उगम पावणारा हा कर्करोग मुख्यतः पाच वर्षांखालील बालकांना गाठतो. निदान होईपर्यंत तो पुष्कळदा हाडांत पोहोचलेला असतो.

तो तेथवर कसा पोहोचतो, याचा एक धागा संशोधकांच्या हाती लागला आहे. पेशी एक्झोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या या पिशव्यांतील प्रथिने दूरच्या पेशींना जणू निरोप पोहोचवतात. या कर्करोगाच्या पेशींनी सोडलेल्या एक्झोसोममध्ये रोगाच्या प्रसाराला हातभार लावू शकतील अशी प्रथिने इटलीतील संशोधकांना २०१३ साली आढळली. एक्झोसोम रक्तातही सापडतात. म्हणून रक्तावरून रोग ओळखण्याची आशा निर्माण झाली आहे.

परंतु केवळ रोग सापडणे पुरेसे नाही. १९८० च्या दशकात जपानने देशभरातील तान्ह्या मुलांची लघवी तपासून हा रोग शोधण्याची मोहीम काढली. रुग्ण पुष्कळ सापडले. पण त्यांतील अनेकांच्या गाठी आपोआप विरून जाणाऱ्या होत्या. अखेर ती मोहीम थांबवावी लागली. तेव्हा गाठ घातक आहे की विरणारी, याचा उलगडा या प्रथिनांनी केला, तरच त्यांचे खरे मोल. हे काम अद्याप प्रयोगशाळेतच आहे.

तोवर काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, श्रीमंत देशांत कर्करोगग्रस्त मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत ३० टक्केही नाहीत. उशिरा झालेले निदान आणि अर्धवट सोडलेले उपचार ही या तफावतीची मोठी कारणे आहेत. त्यांवरील इलाज प्रयोगशाळेत नाही. तालुक्याच्या डॉक्टरने मुलाचे पोट हाताने चाचपावे, डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळे दुर्लक्षू नयेत आणि शंका येताच त्याला बांबोळीला धाडावे. पुढे मुंबईच्या टाटा रुग्णालयात जावे लागले, तर रोजंदारी बुडवून निघालेल्या आईबापांच्या राहण्या-जेवण्याची सोय समाजाने आणि सरकारने पाहावी.

विज्ञान पेशींचे निरोप वाचायला शिकत आहे. रडणाऱ्या मुलाचा निरोप वाचायला मात्र आपल्याला कोणत्याही शोधाची वाट पाहावी लागत नाही.