स्पॉट वेल्डिंगच्या टिपेला कोटिंग : पैसे कुठे वसूल, कुठे वाया

बेळगाव : उद्यमबागेत पत्र्याची कामं करणाऱ्या एका शेडमध्ये परवा गेलो होतो. मालकांनी मूठभर खराब टिपा टेबलावर ओतल्या. "काळ्या पत्र्यावर हीच टिप आरामात चालते. जीआय आला की बोंब!" कोटिंगवाल्या टिपा घ्या, असं त्यांना कुणीतरी सुचवलंय. भाव अर्थातच चढा.

टिपांची तोंडं पाहिली तर पिवळी पडलेली. दुखणं तिथंच आहे. जीआय पत्र्यावरचं जस्त सुमारे ४२० अंश सेल्सियसला वितळतं, तांबं १०८५ ला. स्पॉट मारताना पातळ झालेलं जस्त तांब्यात मुरतं आणि टिपेच्या तोंडावर चक्क पितळ तयार होतं. पितळातून वीज तांब्याइतकी सहज जात नाही. तोंड जास्त तापतं, पत्र्याला चिकटतं, झिजतं. दाबाने पसरतं ते वेगळंच. ६ मिलिमीटरचं तोंड ७ झालं की क्षेत्रफळ ३६ टक्के वाढतं. करंट तोच, पण जागा जास्त, म्हणून स्पॉट कच्चा. वरून दिसायला मात्र छान! माल गिऱ्हाइकाकडे गेल्यावर सुटतो.

कोटिंग साधारणपणे टायटॅनियम कार्बाइडचं असतं. त्याची कांडी टिपेवर टेकवून ठिणग्या पाडतात, बारीक थेंब तांब्यावर बसतात. हा पदार्थ ३००० अंशांपर्यंतही वितळत नाही, वीजही वाहू देतो, त्यामुळे जस्त आणि तांब्यामध्ये आडोसा होतो. पण तो ठिसूळ आहे. खालचं तांबं मऊ, तापल्यावर जास्त फुगणारं. मग थराला तडे जातात आणि जस्त तिथून आत शिरतं. म्हणून काही ठिकाणी खाली निकेलचा थर देतात.

आणि एक, कोटिंगवाल्या टिपेवर कानस मारायची नाही. मारली की पैसे कचऱ्यात. आपल्याकडे हात आपोआप कानशीकडेच जातो, हीच खरी अडचण.

काळ्या पत्र्याचंच काम असेल तर या खर्चात पडू नये. तिथे आधी टिपेतलं पाणी नीट फिरतंय का बघा. शुद्ध तांब्याची टिप लेथवर काढून वापरत असाल तर क्रोमियम-झिर्कोनियमवालं तांबं घ्या, ते उष्णतेने लवकर मऊ पडत नाही.

मी कॉमर्सवाला, म्हणून हिशेब सांगतो : टिपेची किंमत भागिले चांगले स्पॉट. त्यात टिप बदलताना मशीन बंद राहिल्याचा खर्च धरा. मालकांनी सध्या एकाच मशीनवर कोटिंगवाली जोडी लावायचं ठरवलंय. दर शंभर स्पॉटनंतर दोन पट्ट्या जोडून सोलून बघणार आणि आकडे वहीत लिहिणार.