काळा टोमॅटो कुठे काळा होतो आणि कुठे नारिंगीच राहतो? सगळा खेळ हवामानाचा आहे

बागकामाच्या रील्स बघत असाल तर काळा टोमॅटो तुम्ही पाहिलाच असेल. बाहेरून तपकिरी-जांभळा, देठाजवळ हिरवट आणि कापला की आत गडद लाल. बी आता ऑनलाइन सहज मिळतं. परदेशी पाकिटावर साधारण एकच सूचना असते: थंडी संपली की रोप लावा, उन्हाळ्यात फळं घ्या. ती वाचून नागपूर-पुण्यातला माणूस मार्चमध्ये रोप लावतो. झाड कमरेएवढं होतं, फुलंही येतात आणि मग एकेक करून गळून जातात. दोष जातो बियाणाच्या नावावर.

खरं तर सूचना बरोबर असते. पण ती अमेरिका-युरोपातल्या उन्हाळ्यासाठी लिहिलेली असते.

आधी हे बघू की टोमॅटो काळा होतो कसा

साधा टोमॅटो पिकताना त्यातलं हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, नाहीसं होतं आणि लायकोपीन हे लाल रंगद्रव्य तयार होतं. ब्लॅक क्रिम, चेरोकी पर्पल यांसारख्या वाणांमध्ये हरितद्रव्य मोडण्याची सूचना देणारं जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे हिरवा रंग जात नाही आणि त्यातच लाल मिसळतो. हिरवा अधिक लाल म्हणजे तपकिरी, हे शाळेत रंगपेटी वापरलेल्या कुणालाही माहीत आहे. त्यावरची साल पारदर्शक असेल तर फळ जांभळट दिसतं, पिवळसर असेल तर चॉकलेटी.

रील्समध्ये दिसणारा वांग्यासारखा काळाकुट्ट टोमॅटो वेगळा. 'इंडिगो रोझ' हे त्यातलं प्रसिद्ध नाव. ते वाण अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीने 2012 च्या सुमारास बाजारात आणलं. त्याची साल अँथोसायनिनमुळे काळी होते आणि तीही जिथे ऊन पडतं तेवढीच. ते हेअरलूम नाही. हेअरलूम म्हणजे आपल्याकडच्या गावरान वाणांसारखं, पिढ्यान्‌पिढ्या बी राखून टिकवलेलं वाण.

हवामान नेमकं काय बिघडवतं?

एक म्हणजे रंग. लायकोपीन 21 ते 24 अंश सेल्सिअसला छान तयार होतं. पारा 30-32 च्या वर टिकून राहिला की ते बनणं जवळजवळ थांबतं, पण पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं बनत राहतात. म्हणून कडक उन्हाळ्यात 'काळा' टोमॅटो मळकट नारिंगी निघतो. उलट ढगाळ, गार हवेत देठाजवळची हिरवी छटा फिकी पडते आणि फळ नुसतं विटकरी दिसतं. भरपूर ऊन हवं, पण भट्टी नको, असा हा नखरा आहे.

रंगाचं सोडा, फळच धरलं नाही तर? इथे खरा व्हिलन आहे रात्र. रात्रीचं तापमान 13 अंशांच्या खाली गेलं किंवा 22-24 च्या वर राहिलं की परागकण नीट काम करत नाहीत. दिवसा 35 च्या पुढे तर ते निकामीच होऊ लागतात. मोठ्या फळांच्या वाणांना याचा फटका जास्त बसतो, आणि बहुतेक काळे हेअरलूम नेमके मोठ्या फळांचे आहेत.

कुठलं वाण कुठे टिकतं?

चेरोकी पर्पलची गोष्ट भारी आहे. 1990 मध्ये उत्तर कॅरोलिनातले टोमॅटोवेडे क्रेग लेहुलियर यांना टेनेसीहून टपालाने एक बिननावाचं बी आलं. चेरोकी लोकांकडून सुमारे शंभर वर्षांपूर्वी मिळालेलं बी, असं पाठवणाऱ्याने कळवलं होतं. नाव लेहुलियर यांनी ठेवलं. टेनेसीचा उन्हाळा उष्ण आणि दमट. त्या हवेत टिकलेलं हे वाण दक्षिण अमेरिकी राज्यांतले बागकामवाले आजही विश्वासाने लावतात. खोट एकच, पावसानंतर फळ तडकतं.

ब्लॅक क्रिमच्या नावातलं 'क्रिम' म्हणजे क्रिमिया, काळ्या समुद्रातला द्वीपकल्प. भरपूर ऊन मिळालं तर या वाणाचा रंग सगळ्यात गडद येतो. मात्र तडकण्यात ते चेरोकीच्याही पुढे आहे.

आता गंमत बघा. 'ब्लॅक फ्रॉम तुला' मॉस्कोच्या दक्षिणेकडच्या तुला शहराचं नाव लावतं. रशियन म्हणजे थंडीतलं असणार, असं वाटतं. पण बियाणे कंपन्यांचे कॅटलॉग त्याचं कौतुक करतात ते उष्णतेतही फळ धरण्याबद्दल! गायक पॉल रोबसन यांचं नाव असलेलं दुसरं रशियन वाण मात्र गार हवेसाठी सुचवलं जातं. म्हणजे नावातलं गाव बघून वाण निवडण्यात अर्थ नाही. अर्थात, यातलं बरंचसं बागकामवाल्यांचा अनुभव आणि कॅटलॉगची भाषा आहे, प्रयोगशाळेचा निकाल नव्हे. त्यामुळे दोन-तीन वाणं शेजारी-शेजारी लावून बघणं हाच खात्रीचा मार्ग.

सगळ्यात बिनतक्रार आहे ब्लॅक चेरी. फळ लहान असल्याने ते गारव्यातही धरतं आणि उकाड्यातही इतरांपेक्षा जास्त दिवस तग धरतं. सॅन फ्रान्सिस्कोत ऐन उन्हाळ्यातही रात्री 12 अंशांच्या आसपास असतात. तिथे मोठी वाणं कुंथतात, पण चेरी टोमॅटो येतात. पहिल्यांदाच लावत असाल तर इथून सुरुवात करा.

मग आपल्याकडे कधी लावायचं?

उत्तर मिळतं अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या या शहरात उन्हाळ्यात पारा 43 च्या वर जातो. तिथले लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये रोप लावतात आणि जूनच्या भाजणाऱ्या उन्हाआधी फळं काढून मोकळे होतात. म्हणजे पाकिटावरच्या महिन्यांऐवजी फुलं कुठल्या तापमानात येतील हे बघायचं.

पुणे-नाशिक पट्ट्यात ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये बी टाकलं आणि ऑक्टोबरमध्ये रोप लावलं तर फुलं नोव्हेंबरमध्ये येतात. ब्लॅक क्रिम, चेरोकी पर्पल यांना रोप लावल्यापासून साधारण 75 ते 80 दिवस लागतात, म्हणजे फळं डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीत. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री खूप गार गेल्या तर थोडी फुलं गळतील, घाबरू नका. विदर्भातही हाच हंगाम, फक्त मार्चनंतर आशा ठेवू नका. मुंबई-कोकणात रात्री फारशा थंड होत नाहीत, त्यामुळे फुलं डिसेंबर-जानेवारीत येतील असं बघा.

पावसाळा या वाणांचा शत्रू. कोरड्या मातीत एकदम पाणी आलं की फळ आतून फुगतं आणि सालीला ताण सहन होत नाही. शिवाय संकरित वाणांमध्ये मुद्दाम घातलेली रोगप्रतिकारशक्ती यांच्यात नसते, त्यामुळे गार-ओल्या हवेत करपा आणि पांढऱ्या माशीमुळे पर्णगुच्छ पटकन गाठतो. कुंडीत पाणी रोज थोडं, ठरावीक वेळी द्या आणि मातीवर वाळल्या पाल्याचं आच्छादन घाला.

फेब्रुवारी संपता संपता ऊन वाढलंच, तर शेडनेट लावा किंवा फळ रंग बदलायला लागताच तोडून घरात सावलीत पिकवा, रंग चांगला येतो. आणि देठाजवळचा हिरवा भाग लाल व्हायची वाट बघू नका, तो होणारच नाही. खालची बाजू दाबून बघा. किंचित मऊ लागली की फळ तयार आहे.